मागे बसलेला मित्र

आमच्या घरात दाराशेजारी भिंतीवर एक लाकडी पाटी आहे. तिला चार आकडे. एकावर घराची किल्ली, दुसऱ्यावर कपाटाची, तिसऱ्यावर स्कूटरची. चौथा बहुधा रिकामाच असतो. अशी पाटी नाही असे मध्यमवर्गीय घर आता शोधूनच काढावे लागेल. आणि त्या घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल असले, तर त्याची नजर तीनपैकी कोणत्या किल्लीवर असते, हे वाचकांना मी सांगायला नकोच.

माझा पुतण्या २०२२ साली अकरावीसाठी बार्शीहून पुण्याला, आमच्याकडे राहायला आला. मुलगा गुणी. आल्या आल्या त्याने घरातली लहानसहान कामे अंगावर घेतली. एके दिवशी सकाळी तो म्हणाला, "काका, कोपऱ्यावरून दूध आणतो. स्कूटर नेऊ?"

मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "ने."

कोपरा तो केवढा! दोनशे पावलांवर. पण किल्ली एकदा हातात पडली की कोपरा लांबत जातो. दुधाचा कोपरा महिनाभरात क्लासपर्यंत पोचला आणि क्लासचा कोपरा नदीपलीकडे गेला. पोराचे वय तेव्हा सोळा. पण "कितीशी लांब जातोय?" आणि "सगळीच मुले चालवतात की!" या दोन वाक्यांनी मी स्वतःची समजूत घातली. या दोन वाक्यांचा आधार घेतला नाही असा पालक माझ्या पाहण्यात तरी नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी मी आमच्या महाविद्यालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचा प्रमुख होतो!

हे पद मला का मिळाले, तर घोषवाक्ये लिहायला मराठीचा माणूस बरा, म्हणून. २०२३च्या जानेवारीत आम्ही रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम यथासांग पार पाडला. फलक लागले, पाहुण्यांचे भाषण झाले. भाषण चालू असताना मागच्या चार रांगा मोबाईलमध्ये मान घालून बसल्या होत्या, ते मी पाहिले न पाहिल्यासारखे केले. निबंधस्पर्धा झाली. 'वेगाचे भूत' या निबंधाला मी पहिला क्रमांक दिला. फारच सुरेख निबंध होता. अकरावीतल्या एका मुलाने तो लिहिला होता. परिच्छेद रेखीव, शेवट मनाला भिडणारा आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

बक्षीस घेऊन तो मुलगा बाहेर पडला. मी शिक्षकदालनाच्या खिडकीत उभा होतो. फाटकाबाहेर लावलेली आईची स्कूटर त्याने काढली, मागे दोन मित्र बसले, बक्षिसाची ढाल मधल्याच्या मांडीवर, आणि 'ट्रिपल सीट' मंडळी भुर्रकन निघून गेली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. मी हसलो. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला म्हणालो, "बघा, आमचा पहिला क्रमांक चालला!"

त्या हसण्याची आठवण आजही मला छळते.

जुलैत पावसाने जोर धरला. खडकवासल्याला पाणी बघायला आणि भाजलेली कणसे खायला जाण्याची पुण्यातल्या मुलांची जुनी रीत आहे. हा मुलगाही गेला. परत येताना पुढच्या मित्राच्या गाडीला गाठायचे म्हणून त्याने वेग वाढवला. ओल्या वळणावर स्कूटर घसरली. मागे बसलेल्याचा हात मोडला. चालवणाऱ्याचे डोके दुभाजकावर आपटले. अकरा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तो वाचला, हे आम्हा सर्वांचे भाग्य. पण त्याचे वर्ष बुडाले.

रुग्णालयाच्या बाकावर प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन त्याचा मित्र बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ दोघेही गप्प होतो. मग तो खालमानेने म्हणाला, "सर, मला भीती वाटत होती. हळू चालव, असं तीन वेळा तोंडावर आलं माझ्या. पण म्हटलं नाही."

"का रे?"

"भित्रा म्हणाला असता."

मी वीस वर्षे मुलांना भाषा शिकवतो. अर्ज कसा लिहावा, आभार कसे मानावेत, रसग्रहण कसे करावे, हे सगळे शिकवले. पण आपला जीव धोक्यात आहे हे मैत्री न तोडता मित्राला कसे सांगावे, हे एक वाक्य मी कधी शिकवले नव्हते. मला तरी ते कुठे येत होते? जानेवारीत खिडकीत उभे राहून मी हसलो होतोच की!

त्या दिवसापासून माझे लक्ष चालवणाऱ्यावरून उठून मागे बसणाऱ्याकडे गेले. वाचायला लागलो, तेव्हा दिसले की शास्त्रज्ञांचेही तिकडे लक्ष गेले आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ. पिवळा दिवा लागला की थांबायचे की दामटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. एकटी असताना मुले बऱ्यापैकी जपून खेळली. पण ज्यांच्याजवळ बरोबरीचे मित्र बघायला होते, ती मुले जास्त धोका पत्करू लागली. चोवीस वर्षांपुढच्या मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे पोराला अक्कल नसते असे नव्हे. अक्कल असते, पण चार मित्रांसमोर ती खिशातून बाहेर निघत नाही.

आपल्याकडचे आकडे पाहावेत. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. हेल्मेट नसलेले त्यांत ५०,०२९ होते. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. ते गाडी चालवत नव्हते. ते नुसते कोणाच्या तरी पाठीमागे बसले होते.

मग माझ्या मनात विचार आला : जो मित्र मागे बसल्याने वेग वाढतो, तोच मित्र तोंड उघडील तर वेग कमी का होणार नाही? मुले आमचे ऐकत नाहीत, पण एकमेकांचे ऐकतात. मग शिकवण्याचे काम त्यांच्याकडेच का देऊ नये?

ही कल्पना काही नवी नाही. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा लहानाला धुळपाटीवर अक्षरे गिरवायला शिकवीत असे. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत हीच रीत पाहिली, आपल्या शाळेत ती आणली आणि १७९७ साली इंग्लंडात त्यावर पुस्तक छापले. तिकडे ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात २००२पासून कोवळ्या वयाच्या वाहनचालकांसाठी मुलांनीच मुलांना शिकवण्याचा असा उपक्रम चालतो. म्हणजे आपलेच नाणे परदेशातून फिरून आले म्हणा ना!

२०२३च्या दिवाळीनंतर आम्ही बारा मुलामुलींचा गट केला. हात मोडलेला तो मुलगा सर्वांत आधी आला. माझा पुतण्याही आला. अर्थात त्याआधी घरातली स्कूटरची किल्ली त्या पाटीवरून उतरून माझ्या कपाटात गेली होती आणि त्यावरून चार दिवस अबोलाही झाला होता.

आरंभ फसला, हे प्रांजळपणे सांगतो. आमच्या बारा जणांनी दंडाला फिती बांधल्या आणि फाटकावर उभे राहून मुलांना अडवायला सुरुवात केली. आठ दिवसांत त्यांना 'हवालदार' अशी पदवी मिळाली आणि मुले मागच्या गल्लीत गाड्या लावू लागली. गटातली एक मुलगी चिडून म्हणाली, "सर, आपण त्यांचे मित्र उरलोच नाही. फिती काढूया." फिती काढल्या, आणि खरे काम तिथून सुरू झाले.

पहिला धडा फूटपट्टीचा. एकाने पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने दोन बोटांत पकडायची. चलाख मुलगा साधारण वीस सेंटिमीटरवर पकडतो, म्हणजे त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागला. मग त्याच मुलाने दुसऱ्या हाताने मोबाईलवर नाव शोधत पट्टी पकडायची. पट्टी बहुधा जमिनीवर! इथे तर पट्टी पडणार हे ठाऊक असते. रस्त्यावर कुत्रे आडवे येणार आहे हे कोणी सांगून ठेवत नाही. म्हणून तिथे निदान पुरता एक सेकंद धरावा.

दुसरा धडा मैदानावर, फक्कीच्या रेघांचा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ब्रेक लावायचे सुचेपर्यंतच ती ११ मीटर गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असताना, पुढे आणखी सुमारे ९ मीटर. एकूण २०. ताशी ६० किलोमीटरला हेच अंतर १७ अधिक २०, म्हणजे सुमारे ३७ मीटर. वेग दीडपट, आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट. मुलांनी दोन्ही ठिकाणी फक्की मारली आणि पावलांनी अंतर मोजले. ओल्या रस्त्याची रेघ कुठे येईल, असे कोणी विचारले, तेव्हा हात मोडलेला मुलगा काही न बोलता मैदानाच्या पार कडेला जाऊन उभा राहिला.

तिसरा धडा गच्चीचा. ताशी ४० किलोमीटरने आपटणे म्हणजे सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून पडण्यासारखे; ताशी ६०ने आपटणे म्हणजे चौदा मीटरवरून, जवळजवळ पाच मजल्यांवरून. गच्चीच्या कठड्याशी उभे राहून खाली पाहिले, की हेल्मेटवर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. २०१९च्या आरंभी पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला होता, हे आपल्याला आठवत असेल. आमच्या शहराला सक्ती मानवत नाही, हे मान्य. पण हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा निष्कर्ष आहे. त्या आकड्यांविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा?

चौथा धडा मात्र माझ्या विषयाचा. आम्ही वाक्यांची तालीम सुरू केली. दोन खुर्च्या एकामागे एक ठेवायच्या. पुढचा चालवणारा, मागचा त्याचा मित्र. पुढच्याने मित्राला चिडवायचे, मागच्याने त्याला थांबवायचे. अट एकच : उपदेश नको आणि अपमान नको. पहिल्या दिवशी मी "मित्रा, वेगावर नियंत्रण ठेव" असे एक वाक्य सुचवले. वर्ग हसून लोळला. मग मुलांनी आपली वाक्ये काढली. "अरे, पोटात ढवळतंय, हळू घे, नाहीतर तुझ्याच शर्टावर येईल." "आपण जिंकलो समज, आता सावकाश." "फोन मला दे, मी बोलतो, तू रस्ता बघ." "तिघं नको, मी बसने येतो. वडापाव माझ्या वाटणीचा ठेव." आणि काहीच चालले नाही तर शेवटचे : "मला उतरव. मी चालत येतो."

हे शेवटचे वाक्य म्हणायला सर्वांत अवघड. ते नुसते ठाऊक असून भागत नाही. तोंडाला त्याची सवय व्हावी लागते. म्हणून खुर्चीवर बसून प्रत्येकाने ते दहा-दहा वेळा म्हटले. बारा जणांनी मग आपापल्या वर्गात हेच खेळ केले. मी दाराबाहेर थांबत असे. माझे काम एवढेच : खुर्च्या आणि फूटपट्ट्या पुरवणे.

हे चालू असतानाच २०२४च्या मे महिन्यात कल्याणीनगरचा अपघात घडला. मध्यरात्रीनंतर एका भरधाव आलिशान मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि त्याला आधी मिळालेल्या जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला. मला मात्र आधी आठवली ती माझी निबंधस्पर्धा. निबंधाने हात ब्रेकवर जात नाही, हे मी आधीच शिकून बसलो होतो.

कायद्याबद्दल मात्र पालकांनी अगदी स्वच्छ असावे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीचा. १९७२ साली आलेली लूना त्या मापाची होती. आज घरोघरी असलेल्या बिनगिअरच्या स्कूटर शंभर सी.सी.च्या वरच्या आहेत. त्यांना अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्याला न कळता किल्ली नेली, किंवा आपण अडवण्याचा सर्व प्रयत्न केला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. "ने" म्हणताना मी यातले काहीच मनात आणले नव्हते.

या उपक्रमाने आमचे महाविद्यालय सुधारले, असा दावा मी करणार नाही. आजही फाटकाबाहेर 'ट्रिपल सीट' दिसते. मुलांच्या शिकवणीने रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत की बसगाड्या वेळेवर येत नाहीत. ते काम मोठ्यांचे आहे, आणि ते मुलांच्या गळ्यात घालणे लबाडीचे होईल. पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली. गेल्या पावसाळ्यात फाटकापाशी तिघे स्कूटरवर बसत होते. तिसरा पाय टाकता टाकता थांबला आणि म्हणाला, "जा तुम्ही, मी चालत येतो." पुढचे दोघे काहीतरी पुटपुटले. मग दुसराही उतरला. दोघे गळ्यात हात टाकून बसथांब्याकडे गेले. मैत्री मोडली नाही, हे महत्त्वाचे.

आणि तो पहिला क्रमांक? तो एक वर्ष उशिरा बारावी झाला. मागच्या दिवाळीत फराळाला घरी आला होता. आत चकल्या तळल्या जात होत्या. पत्नीने विचारले, "कसला वास सुटलाय ओळख बघू!" तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, "काकू, मला वास येत नाही. पडल्यापासून." डोक्याच्या दुखापतीत कधी कधी घ्राणशक्ती जाते, असे डॉक्टरांनी त्याला सांगितले आहे. त्याने चकली हातात घेतली, कुरकुरीत आवाज करून खाल्ली आणि म्हणाला, "आवाजावरून छान झाल्यात." पत्नी पदर डोळ्यांना लावीत आत गेली.

आता तो आमच्या गटात येतो. भाषण करीत नाही. मुलांसमोर उदबत्ती लावतो आणि विचारतो, "कसला वास आहे रे?" मुले सांगतात, "मोगरा." तो म्हणतो, "असेल." एवढेच. त्याच्या सुरेख निबंधाने जे झाले नाही, ते या एका शब्दाने होते.

शेवटी माझीही एक फजिती सांगून हा लेख पुरा करतो. यंदाच्या दसऱ्याला झेंडूची फुले आणायला निघालो. पुतण्या आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अठरा पुरी झाल्यावर रीतसर परवाना काढला आहे. पण त्या दिवशी तो मागे बसला होता. हेल्मेट घालून. मी मात्र तसाच. मंडई ती केवढी लांब! कोपरा ओलांडतो न ओलांडतो तोच पाठीवर हलकी थाप पडली.

"काका."

"काय रे?"

"मला उतरवा. मी चालत येतो."

मी स्कूटर कडेला घेतली. काही बोललो नाही. दोघे परत घरी गेलो, मी हेल्मेट घेतले, पट्टा बांधला आणि पुन्हा निघालो. संध्याकाळी स्कूटरची पूजा झाल्यावर एक माळ उरली. पुतण्याने ती दोन्ही हेल्मेटना गुंडाळली. दाराशेजारच्या पाटीवरचा तो चौथा रिकामा आकडा आता रिकामा नसतो. स्कूटरची किल्ली पुन्हा पाटीवर आली आहे, आणि तिच्या शेजारी हेल्मेट असते.